टिकावाचा आकडा

प्रफुल्लच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रविवार सकाळचे साडेनऊ वाजले होते. तो स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसला होता. हातातला कप त्यानं हळूच ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "रोहिणी, काहीतरी बरोबर नाही वाटून राहिलं."

रोहिणी भोयरनं त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, आणि बाहेर फेब्रुवारीतली उणे अठराची थंडी. तिनं लगेच अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, एकुलती एक अ‍ॅम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन उत्तरेला गेली आहे, परत यायला दोन तास लागतील, असं त्यानं सांगितलं. सर्वांत जवळचं हॉस्पिटल एकशे आठ मैलांवर.

"तुम्हाला गाडी चालवता येईल का, मॅडम?"

येत होती, पण कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांवर. बर्फावरून एकशे आठ मैल नेण्याची हिंमत तिच्यात नव्हती. ती घरातल्याच कपड्यांत बाहेर आली आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. त्या घरात लॉइस टिबेट्स राहायची. चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी, जन्मापासून याच गावात. अडीच वर्षांत दोघींमध्ये एक शब्दही झाला नव्हता. लॉइसच्या अंगणात तिच्या पक्षाची पाटी होती, रोहिणीच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची.

लॉइसनं दार उघडलं, रोहिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि बूट चढवले. "त्याला ट्रकपर्यंत चालता येईल ना?" एवढंच तिनं विचारलं.

हॉस्पिटल गाठायला सव्वादोन तास लागले. वाटेत लॉइस फक्त रस्त्याकडे बघत होती आणि रोहिणी प्रफुल्लचं मनगट धरून बसली होती. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घालावा लागला. तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, अजून अर्धा-पाऊण तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

लॉइस संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली. निघताना रोहिणीनं तिचे आभार मानले तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला याच रस्त्यानं आणलं होतं. आम्ही नव्वदाव्या मैलापर्यंत पोचलो होतो."

*

भोयर कुटुंब कॉर्बेट फ्लॅट नावाच्या त्या गावात का आलं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

रोहिणी मूळची वर्ध्याची. संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला अमेरिकेत आली आणि तिथंच राहिली. तिचं संशोधन सार्वजनिक आरोग्यातलं होतं. दूरच्या वस्त्यांमध्ये नर्सेस नेमायच्या तर कुठं नेमाव्यात, हा प्रश्न. आज कुठं किती आजारी माणसं आहेत एवढं पाहून भागत नाही. दहा वर्षांनी ती वस्ती तिथं असेल का, कोण म्हातारं होईल, कोण गाव सोडेल, कोण मरेल, हेही पाहावं लागतं. त्यासाठी तिनं एक पद्धत बसवली. विजेचा वापर, औषधांची खरेदी, मुलांच्या शाळा, गाडीचे फेरे अशा शेकडो बारक्या खुणांवरून प्रत्येक घरासाठी ती शून्य ते एकमधला एक आकडा काढायची. हे घर दहा वर्षांनी इथंच असण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगायचा. त्याला ती मनातल्या मनात 'टिकाव' म्हणे. इंग्रजी निबंधात त्याचं नाव लांबलचक होतं.

निबंध छापून आला आणि चार वर्षांनी राजकारणातल्या लोकांनी तो वाचला.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. राज्यात चार कोटी माणसं असोत की सहा लाख, जागा दोनच. म्हणजे छोट्या राज्यातल्या एका मताचं वजन मोठ्या राज्यातल्या पासष्ट-सत्तर मतांएवढं. ही गोष्ट सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण कुणी हिशेबानं तिचा पाठपुरावा केला नव्हता. माणूस मत कुणाला देईल आणि तो मतदानाला जाईल का, हे दोन आकडे दोन्ही पक्षांकडे आधीपासून होते. आता तिसरा आला, टिकावाचा. तिन्ही एकत्र केल्यावर यंत्राला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या संगणकाला, नेमका प्रश्न विचारता येऊ लागला : कमीत कमी किती माणसं, कोणत्या राज्यातल्या कोणत्या गावी नेऊन बसवली, तर सिनेटची जागा फिरेल आणि फिरलेलीच राहील?

कॉर्बेट फ्लॅटच्या राज्यासाठी उत्तर आलं, एकोणतीस हजार.

घरबसल्या नोकरी करणारी माणसं भरपूर होती. पक्षाला मानणारी आणि मनापासून चिडलेलीही होती. मोठ्या शहरांत आपलं मत ढिगाऱ्यात पडतं, याचा त्यांना वीट आला होता. रोहिणीची मुलगी ईरा वॉशिंग्टनमध्ये पक्षाच्या कचेरीत काम करायची. तिनंच आईला गळ घातली होती.

"आई, तू आणि बाबा तिकडे दोघंच असता. काम काय, कुठूनही होतं. सहा वर्षं फक्त, सिनेटची एक मुदत. देशातल्या बहुतेकांना जे हवंय ते होतच नाही, आणि मूठभर लोक अडवून बसतात. हे कधीतरी थांबायला नको?"

रोहिणीला ते पटलं होतं. ते खोटंही नव्हतं. तिच्याच पद्धतीनं नेमून दिलेल्या गावात ती नवऱ्याला घेऊन आली.

वर्षाच्या आत दुसऱ्या पक्षानंही तेच केलं. त्यांची एकतीस हजार माणसं आली. मग यांची आणखी चार हजार. कॉर्बेट फ्लॅटच्या पूर्वेला यांची नवी वसाहत झाली, रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यांची. मधे जुनं गाव. पूर्वेकडची घरं पुरेनात, म्हणून भोयरांना लॉइसच्या गल्लीत घर मिळालं होतं. गावातले लोक दोन्हीकडच्यांना 'वाळूची पोती' म्हणायचे. वजनासाठी आणून ठेवलेली.

*

मार्चमध्ये प्रफुल्ल काठी घेऊन गल्लीत फिरायला लागला. लॉइस त्याच्याबरोबर चालायची. तो तिला पोहे करून खाऊ घाली, ती त्याला बर्फ कसं ओळखायचं ते शिकवी. राजकारणाचा विषय दोघंही काढत नसत.

एक दिवस लॉइस कागदांचा गठ्ठा घेऊन आली. काउंटीत छोटासा दवाखाना काढायचा, दोन डॉक्टर, चार खाटा आणि दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स, असा प्रस्ताव जूनमध्ये मताला टाकण्यासाठी ती सह्या गोळा करत होती. राज्याच्या नव्या नियमाप्रमाणे असा प्रस्ताव साठ टक्क्यांनी मंजूर व्हावा लागे.

"तुमच्या वसाहतीत मला कुणी दारात उभं करत नाही," ती रोहिणीला म्हणाली. "तू येशील का बरोबर?"

रोहिणी गेली. लॉइसही तिला रुळांपलीकडे घेऊन गेली. तीन आठवड्यांत सोळाशे सह्या झाल्या. सही करताना बहुतेक जण आपल्या घरातलं काहीतरी सांगत. कुणाचा मुलगा दमेकरी, कुणाची आई पडलेली.

एप्रिलच्या शेवटी ईराचा फोन आला.

"आई, एक फाइल पाठवलीये. तुझ्याच पद्धतीनं केलंय सगळं, फक्त बरोबर आहे का बघून दे. आणि कुणाला दाखवू नकोस, प्लीज."

रोहिणीनं फाइल उघडली. पक्षाच्या विश्लेषकांनी यंत्राला विचारलं होतं की कॉर्बेट फ्लॅटमध्ये दवाखाना झाला तर काय होईल. उत्तर सरळ होतं. दवाखाना झाला तर जुन्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा टिकाव वाढतो. ती मुलांकडे निघून जात नाहीत, आणि जास्त वर्षं जगतात. त्यातली बहुतेक मतं दुसऱ्या पक्षाची. सहा वर्षांत चारशे दहा मतांचा फरक. शेवटी शिफारस एका ओळीची : प्रस्ताव पडावा.

खाली घरांची यादी होती. रोहिणीनं बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. टिबेट्स, लॉइस. दवाखान्यासह ०.६८. दवाखान्याशिवाय ०.२१.

तिनं दोन दिवस लावून सगळं गणित पुन्हा केलं. कुठं चूक सापडावी असं तिला फार वाटत होतं. चूक नव्हती.

"बरोबर आहे," तिनं ईराला फोनवर सांगितलं.

"थँक्स, आई."

"ईरा, तुझ्या बाबांना त्या दिवशी लॉइसनं नेलं."

ईरा म्हणाली, "मला माहितीये. मी विसरले नाहीये. पण ही जागा गेली ना, तर अख्ख्या देशातली आरोग्य योजना जाईल. कोट्यवधी माणसांची. तू एका गावाचं बघतेयस."

"आणि ही जागा आली तर ती योजना होणार आहे?"

"व्हायलाच पाहिजे," ईरा म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. सत्ताविसाव्या वर्षी इतका थकलेला आवाज रोहिणीनं दुसऱ्या कुणाचा ऐकला नव्हता.

त्या रात्री जेवताना तिनं प्रफुल्लला सगळं सांगितलं. तो बराच वेळ भात चिवडत बसला.

"तू हे बाहेर बोललीस तर पोरीची नोकरी जाईल," तो म्हणाला.

"हो."

"आणि नाही बोललीस तर?"

"तर लॉइस माझ्याबरोबर सह्या मागत फिरत राहील, आणि मला सगळं माहीत असेल."

"मग तू ठरवलेलंच दिसतंय," प्रफुल्ल म्हणाला आणि उठून भांडी धुवायला लागला. तो रागावला आहे की नाही हे तिला त्याच्या पाठीवरून कळेना.

तिनं ईराला आधी कळवलं. तेवढं तरी करायला हवं होतं. ईरानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन बंद केला.

*

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत प्रस्तावावर सभा झाली. तीनशेएक माणसं आली होती. पूर्वेकडची डाव्या बाजूला बसली, रुळांपलीकडची उजव्या, आणि जुन्या गावातली मधे आणि मागे.

रोहिणी उभी राहिली. आपण कोण, आपली पद्धत काय, हे तिनं वर्गात शिकवावं तसं सांगितलं. मग आपल्या पक्षाचा निष्कर्ष आकड्यासकट वाचून दाखवला. नावांची यादी तिनं वाचली नाही.

डावीकडचे दहा-बारा जण उठून निघून गेले. तिच्याच वसाहतीतली एक बाई जाता जाता हलक्या आवाजात म्हणाली, "आम्ही घरदार सोडून कशासाठी आलो होतो मग?"

उजवीकडून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तेव्हा कार्ल वेंट उठला. हा त्या बाजूच्या समितीचा प्रमुख, निवृत्त भूमापक, उंच आणि कायम कपाळाला आठ्या.

"टाळ्या थांबवा," तो म्हणाला. "आमच्याकडेही असाच कागद आलाय. तीन आठवड्यांपूर्वी."

त्यानं खिशातून कागदाची घडी काढली. त्यांच्या यंत्राचं म्हणणं वेगळं होतं. दवाखाना झाला तर पूर्वेकडचे नवे लोक इथं रुजतील, मुलंबाळं होतील, परत जाणार नाहीत. सहाशे चाळीस मतांचा फरक. शिफारस तीच. प्रस्ताव पडावा.

"मी तो कागद कुणाला दाखवणार नव्हतो," वेंट म्हणाला आणि खाली बसला.

मग मधल्या रांगेतून लॉइस उभी राहिली. "मला यंत्रातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "ज्याला दवाखाना नको आहे त्यानं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

*

जूनमध्ये मतदान झालं. पाच हजार एकशे ऐंशी मतं पडली. दवाखान्याच्या बाजूनं तीन हजार पंच्याऐंशी. म्हणजे साडेएकोणसाठ टक्के. तेवीस मतं कमी पडली.

सभेला तीनशे माणसं होती, पण घरी बसलेली हजारो होती, आणि त्यांच्या फोनवर शेवटचे दहा दिवस संदेश येत राहिले. प्रत्येकाला वेगळा. ज्याला गर्दीची भीती त्याला गर्दीचा, ज्याला सरकारचा संशय त्याला सरकारचा. प्रफुल्लला आलेल्या संदेशात म्हटलं होतं की असल्या छोट्या दवाखान्यात हृदयरोग्यांना चुकीचे उपचार मिळण्याचा धोका असतो. तो कोणत्या पक्षानं पाठवला होता हे शेवटपर्यंत कळलं नाही.

विरोधात मत देणारे दोन हजार पंच्याण्णव लोक गावात नेहमीसारखेच वावरत होते. दुकानात रोहिणीला बघून कुणी नजर चुकवी, कुणी मुद्दाम हसे. तिच्या वसाहतीतल्यांनी तिला बोलावणं बंद केलं. ईराला नोकरीवरून काढलं नाही, पण विश्लेषणाच्या कामातून काढून पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसवलं. ती आईशी बोलेनाशी झाली. वडिलांना मात्र दर बुधवारी फोन करायची, आणि रोहिणी शेजारच्या खोलीत बसून त्या फोनची एक बाजू ऐकायची.

नोव्हेंबरमध्ये सिनेटची निवडणूक झाली. रोहिणीनं मत दिलं, ज्या पक्षाला ती कायम देत आली त्यालाच. दुसरा पर्याय तिला पटत नव्हता, हेही खरंच होतं. तीनशे चाळीस मतांनी रोहिणीच्याच पक्षाची जागा आली. पूर्वेकडच्या वसाहतीत दुपारपासून गाणी लागली. सिनेटमध्ये पक्षाचं बहुमत झालं, एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास.

फेब्रुवारीत आरोग्याचं विधेयक आलं. दूरच्या काउंट्यांमधल्या दवाखान्यांची तरतूद त्यात होती. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर शंभरातले साठ सदस्य लागतात. चौपन्न मिळाले. दुसऱ्या बाजूचे तीन सदस्य येऊन मिळाले, तरी सहा कमी. अडवणाऱ्या सेहेचाळीस जणांच्या राज्यांमध्ये देशातले जेमतेम एकतृतीयांश लोक राहत होते. आदल्या अधिवेशनात रोहिणीच्या पक्षानंही याच नियमानं त्यांची चार विधेयकं गाडली होती. विधेयक बाजूला ठेवलं गेलं आणि सिनेट सुट्टीवर गेली.

"जिंकलो ना आपण?" प्रफुल्लनं बातम्या बंद करत विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

"जिंकलो," रोहिणी म्हणाली.

मार्चमध्ये लॉइसनं घर विकायला काढलं. तिला दोनदा चक्कर येऊन गेली होती, आणि ओमाहाला राहणारा मुलगा ऐकायला तयार नव्हता. रोहिणी तिला सामान बांधायला मदत करायला गेली. दोघींनी दिवसभर कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळल्या.

"तुझ्या त्या यादीत मी होते का?" लॉइसनं मधेच विचारलं.

रोहिणीच्या हातातली बशी तशीच राहिली. "होता तुम्ही."

"काय लिहिलं होतं?"

"तुम्ही जाल, असं."

लॉइसनं मान हलवली. "मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. "तेवढं तुझ्या यंत्राला कुणी विचारलं नसेल."

ती गेली त्या आठवड्यात पक्षाचं पत्र आलं. या राज्यातलं काम झालं, आता तुमची जास्त गरज उत्तरेकडच्या दुसऱ्या एका राज्यात आहे. गावाचं नाव, घराचा पत्ता, स्थलांतराची तारीख. पूर्वेकडच्या घरांतून खोकी बाहेर पडायला लागली. रुळांपलीकडेही तेच चाललं होतं.

प्रफुल्ल पत्र वाचून म्हणाला, "आपण कॅलिफोर्नियाला परत जाऊ. मला आता रस्ते मोजत जगायचं नाही."

"जाऊ," रोहिणी म्हणाली. "पण दवाखान्यावर जूनमध्ये पुन्हा मत घेता येतं. सह्या नव्यानं गोळा कराव्या लागतील. तेवढं होऊ दे."

"आणि तोवर मला काही झालं तर?"

प्रफुल्लनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "जून म्हणजे जून. त्यानंतर एक दिवसही नाही."

*

एप्रिलमध्ये, आठ दिवसांची रजा टाकून, न कळवता ईरा आली. दारात उभी राहून तिनं वडिलांना मिठी मारली आणि आईकडे नुसतं बघितलं. ती वाळली होती. दोन दिवस ती झोपलीच. तिसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी कागद घेऊन बाहेर पडत होती तेव्हा ईरा तिला बूट घालताना दिसली.

"मी येते," ईरा म्हणाली. "घरात बसून काय करू."

दोघी रुळांपलीकडे गेल्या. निम्मी घरं रिकामी होती. पहिल्या तीन दारांवर कुणी आलं नाही. चौथं दार कार्ल वेंटचं. त्यालाही पत्र आलं होतं, पण तो गेला नव्हता. बायकोला आता हलवता येत नाही, एवढंच त्यानं सांगितलं. दोघींना आत न बोलावता तिथंच उभ्या उभ्या त्यानं सही केली आणि पेन परत दिलं.

"पुन्हा कमीच पडतील," तो म्हणाला.

"पडतील कदाचित," रोहिणी म्हणाली.

दोघी पुन्हा वाटेला लागल्या. वारा सुटला होता आणि दोघींनाही कागद छातीशी धरून चालावं लागत होतं.

"आई, माझ्यावर तू रागावली नाहीयेस का?" तिनं विचारलं.

"मीही ते गणित बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं."

ईरानं नाक पुसलं. थोडं पुढं गेल्यावर तिनं आपल्या कामातल्या सवयीनं विचारलं, "या वेळी काय येतंय? किती लोक राहिलेत, त्यातले किती होय म्हणतील?"

"काढलं नाही मी," रोहिणी म्हणाली.

ईरानं चालता चालता वळून तिच्याकडे पाहिलं. रोहिणीनं पुढच्या घराचं फाटक उघडलं आणि तिला आत येऊ दिलं.